गुत्तेदाराची वेबसाइट: घर-दुरुस्तीचं काम करणाऱ्यांसाठी पहिल्यापासून

मराठवाड्यात घराचं काम तोंडी मिळतं. सोयऱ्यांकडे फरशी बसवली, ती बघून व्याह्यांनी बोलावलं. हार्डवेअरवाल्याने नंबर दिला. शेजारच्या गल्लीत स्लॅबचं काम चालू होतं, तिथेच उभ्याउभ्या सौदा ठरला. मग वेबसाइट कशाला, असं विचारणाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. वेबसाइट काढली म्हणून दुसऱ्या दिवशी फोनची रांग लागत नाही. पण तुमचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलेला माणूस आज फोन लावण्याआधी ते नाव मोबाइलवर टाकून बघतो. तिथे काहीच सापडलं नाही, किंवा गेल्या दिवाळीचं शुभेच्छांचं पोस्टर तेवढं सापडलं, की तो यादीतल्या पुढच्या नंबरकडे वळतो. ऐकलेल्या नावाची खात्री पटवणं, एवढंच या वेबसाइटचं काम. हे पक्कं धरलं की काय टाकायचं नि काय वगळायचं, ते बरंचसं आपोआप ठरतं.

खात्री सगळ्यात जास्त कुणाला हवी असते? गावी घर आणि नोकरी बाहेर, अशाला. आई-वडील औसा, वसमत किंवा गेवराईला. मुलगा पुण्यात नाहीतर हैदराबादला. पावसाळ्यात स्लॅब गळतो, आई फोनवर सांगते, पैसे मुलगा देणार आणि कामावर उभं राहायला मात्र कुणी नाही. हा गिऱ्हाईक रात्री अकराला मोबाइलवर तुमचं पान वाचणार आहे. प्रत्येक मजकूर लिहिताना तोच समोर बसलाय असं समजा. त्याला पटलं की गावातल्या माणसाला पटतंच.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

वेबसाइट बनवणाऱ्याकडे जायच्या आधी वहीत लिहून काढा: आपण नेमकं कोणतं काम करतो. ‘सर्व प्रकारची बांधकामं व दुरुस्ती केली जाईल’ ही ओळ पाटीवर चालते, इथे चालत नाही. सगळंच करणारा माणूस कशातच मुरलेला नसतो, असं वाचणाऱ्याला वाटतं.

आपल्या भागात लोकांना खरोखर पडणारी कामं ठरलेली आहेत. स्लॅबची नि बाथरूमची गळती. काळ्या मातीवरच्या घराला गेलेल्या भेगा. माळवद उतरवून स्लॅब टाकणं, किंवा जुन्या वाड्याचे दोन खण तसेच राखून मागे नवीन स्वयंपाकघर नि संडास-बाथरूम काढणं. उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा वरचा मजला. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने वर्षा-दोन वर्षांत बसलेले नळ. शहाबादी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स. आणि २०१६ साली ज्या लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे छतावरचं पावसाचं पाणी हौदात नाहीतर बोअरकडे वळवण्याचं काम.

यातली तुमच्या हातखंड्याची चार-पाच निवडा. प्रत्येक कामाला स्वतंत्र पान द्यायचं. पहिलं पान, ही चार-पाच पानं, केलेल्या कामांचं एक, दराचं एक आणि संपर्काचं एक. सुरुवातीला याहून जास्त नको. ‘आमचे ध्येय व दृष्टिकोन’ नावाचं पान तर नकोच. ते कुणी उघडत नाही.

जी कामं करत नाही तीही लिहा. ‘नवीन बंगल्याचं काम घेत नाही’, ‘नुसतं रंगकाम घेत नाही’ असं स्पष्ट लिहिल्याने फालतू फोन कमी होतात आणि उरलेल्या कामांबद्दलचा भरवसा वाढतो.

नाव आणि डोमेन

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. शेवटी डॉट कॉम घ्या किंवा डॉट इन, दोन्ही चालतात. देवनागरीत डॉट भारत असा पत्ताही मिळतो. हौस असेल तर जोडीला घ्या. पण गिऱ्हाईक फोनवर स्पेलिंग विचारतं आणि बहुतेकांचे हात इंग्रजी कीबोर्डवर बसलेले असतात, म्हणून मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरांतलाच ठेवा. नाव छोटं हवं, फोनवर एकदा सांगून कळेल असं. मध्ये आडव्या रेघा, आकडे, ‘इन्फ्राटेक सोल्युशन्स’ वगैरे शेपट्या नकोत.

या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा: डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. बीडच्या बाजूच्या एका टाइल्सवाल्या ओळखीच्या मिस्त्रींचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याने आपल्याच खात्यावर घेतलं होतं. पुढे तो माणूस गाव सोडून गेला, फोन उचलेना, नूतनीकरणाची तारीख उलटून गेली. गाडीवर, बिलबुकावर नि पाटीवर छापलेला पत्ता हातचा गेला. काम कुणाकडूनही करून घ्या, पण खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे असू द्या. आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवा आणि तारीख घरच्या कॅलेंडरवरही लिहून टाका.

कशावर बांधायची

यात फार अडकू नका. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि ते येणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी सहज सापडतो. महिन्याचे पैसे भरून चालणारे तयार वेबसाइट-बिल्डरही ठीक आहेत. तिथे अपडेट नि बॅकअपची कटकट नसते, पण पुढेमागे सगळं उचलून दुसरीकडे न्यायचं म्हटलं तर अवघड जातं. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून (गूगलवरची धंद्याची नोंद) पूर्वी फुकट छोटी वेबसाइट बनायची. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे अजून कुणी ‘गूगलची फुकटची वेबसाइट करून देतो’ म्हणत असेल तर दुरून नमस्कार करा.

बनवणाऱ्याकडून इस्टिमेट घेताना तीन रकमा वेगळ्या लिहून मागा: बनवण्याची, दरवर्षीच्या डोमेन-होस्टिंगची (होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) आणि पुढे फोटो-मजकूर बदलायची. शेवटची बहुतेक जण सांगत नाहीत. फोटो तुमचे तुम्हाला चढवता आले पाहिजेत, हे कामाच्या अटीतच घाला. अर्धा तास समोर बसून शिकवायला लावा. चोरीची थीम (वेबसाइटचा तयार साचा) फुकटात टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, असल्या थीममधूनच व्हायरस घुसतात.

मोबाइलचा पहिला पडदा

तुमची वेबसाइट जवळजवळ सगळे मोबाइलवरच बघणार. अंगठा न हलवता जेवढं दिसतं तेवढ्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: काय करता, कुठे करता, फोन कसा लावायचा.

‘दर्जेदार सेवा हेच आमचे ब्रीद’ या ओळीतून यातलं काहीच कळत नाही. ‘लातूर शहर आणि ४० किलोमीटरच्या आत स्लॅब-बाथरूमची गळती, फरशी आणि किचनचं काम. मजुरी-मटेरियलसह किंवा नुसत्या मजुरीवर.’ यातून सगळं कळतं. खाली दोन बटणं: फोन लावा, व्हॉट्सॲप करा. त्याखाली तुमचा स्वतःचा, कामावर उभा असलेला फोटो. स्टुडिओतला कोट घातलेला नको. घरात शिरणार तो माणूस दिसतो कसा, हे बायकामाणसांना आधी बघायचं असतं, आणि ते रास्तच आहे.

आपोआप सरकणारे मोठमोठे फोटो पहिल्या पडद्यावर टाकायची फॅशन आहे. डिझायनर आग्रह करेल, ऐकू नका. खेड्यातल्या नेटवर्कवर ते उघडेपर्यंत माणूस मागे जातो.

फोटो: इथे वेळ घाला

इंटरनेटवरून उचललेलं गुळगुळीत परदेशी किचन टाकू नका. ज्या ओट्यावर मिक्सरला जागा नाही, भाकरी थापायला जागा नाही, मोरी कुठे दिसत नाही, ते किचन तुम्ही केलेलं नाही हे आपल्याकडची कुठलीही बाई एका नजरेत ओळखते. आणि एक फोटो खोटा निघाला की बाकीच्या खऱ्यांवरचाही विश्वास उडतो.

स्वतःच्या कामाचे फोटो साध्या मोबाइलवर चांगले निघतात. शिस्त तेवढी हवी. काम सुरू करायच्या आधी दारातून एक फोटो घ्या आणि उभं राहिलात तिथे खडूने खूण करा किंवा ‘उंबऱ्यातून, छातीच्या उंचीवर’ असं लिहून ठेवा. काम झाल्यावर तिथूनच, साधारण त्याच वेळेला, तसाच फोटो. आधीचा नि नंतरचा एकाच कोनातून असला तरच फरक पटतो. मोबाइल आडवा धरा. खिडकीकडे पाठ करा, तोंड करून काढलात तर खोली काळी येते. भिंगाचं तोंड शर्टाने पुसा. साइटवर त्यावर सिमेंटची धूळ असतेच.

झालेल्या कामाच्या फोटोपेक्षा चालू कामाचे फोटो जास्त बोलतात. बाथरूमची नवी फरशी कुणीही दाखवेल. फरशीखाली वॉटरप्रूफिंगचे थर कसे दिले, कोपऱ्यात गोलाई कशी काढली, पाइप भिंतीत शिरतो तिथे काय भरलं आणि मग २४ तास पाणी साठवून, खालच्या छताला ओल नाही हे कसं बघितलं, हे दाखवणारे थोडे. साठवलेल्या पाण्याचा संध्याकाळचा एक फोटो नि दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा एक, भिंतीवर पेन्सिलने मारलेली पातळीची रेघ दोन्हींत दिसते आहे: पुण्यातल्या त्या मुलाला याहून मोठा पुरावा नको. उतार दाखवायचा तर दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. तांब्याभर पाणी ओता आणि ते जाळीकडे वाहत जाताना दाखवा.

प्रत्येक कामाखाली चार-पाच ओळी लिहा: गाव (घरमालकाचं नाव नको), घर किती जुनं, अडचण काय होती, काय केलं, किती दिवस लागले, मध्ये काय निघालं. ‘मध्ये काय निघालं’ हे आवर्जून लिहा. जुनी फरशी उकरल्यावर खाली कुजलेला लोखंडी पाइप निघाला आणि दोन दिवस वाढले, हे वाचून कुणी पळत नाही. जुन्या घरात असं निघतंच, आणि निघाल्यावर तुम्ही काय करता हे त्याला आधी कळतं.

फोटो टाकायला घरमालकाची परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवर ‘हो’ लिहून आलं तरी चालेल. दारावरची नावाची पाटी, देवघर, कपाट, लहान मुलं, गाडीचा नंबर फोटोत येऊ देऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये घराचा ठावठिकाणा लपलेला राहतो. आणि मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात, १२०० ते १६०० पिक्सेल रुंदी ठेवून, २०० केबीच्या आसपास आणा. हे करून देणारी फुकट साधनं भरपूर आहेत.

दर लिहायचे की नाही

बहुतेक गुत्तेदार म्हणतात, दर लिहिले तर शेजारचा दोन रुपयांनी खाली उतरतो. तो तसाही उतरतोच. माझं मत स्पष्ट आहे: आकडा नाही लिहिला तरी चालेल, पण हिशेब कसा होतो ते लिहाच. भांडणं दरावरून कमी नि मापावरून जास्त होतात.

रंगाचंच घ्या. दहा बाय बारा खोली म्हणजे १२० स्क्वेअर फूट, असं घरमालक डोक्यात धरून बसतो. बिल येतं ५२३ फुटांचं आणि चहाच्या कपावरून वाद सुरू होतो. पानावर असं मांडा: चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. उंची १० फूट, म्हणजे भिंती ४४० फूट. दाराचे ३ बाय ७ म्हणजे २१ आणि खिडकीचे ४ बाय ४ म्हणजे १६, असे ३७ वजा, राहिले ४०३. छताचे १२० मिळवा: ५२३. दार-खिडकीचं माप तुम्ही वजा करता की नाही, तेही लिहा. कारण यात प्रत्येकाची रीत वेगळी आणि घरमालकाला ती ठाऊक नसते. ब्रासचंही तसंच. वाळू-मुरमाचा ब्रास १०० घनफुटांचा नि गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फुटांचा, हे तुम्हाला पाठ आहे. बँकेत नोकरी करणाऱ्याला नाही.

मग ‘यात काय येतं, काय येत नाही’ अशी यादी द्या. फरशीच्या दरात जुनी फरशी उकरणं येतं का? डबर कुठे नि कुणाच्या खर्चाने टाकायचा? वरच्या मजल्यावर माल चढवायचे वेगळे का? स्कर्टिंग रनिंग फुटाने की स्क्वेअर फुटाने? पाणी नि लाइट घरमालकाचं? टाइल्सची फूट-तूट किती धरता? ही यादी तुमच्या रोजच्या भांडणांतूनच काढा, पुस्तकात मिळणार नाही.

पैशांचे टप्पे इथेच लिहा. बयाणा किती, मटेरियल आलं की किती, कोणतं काम संपलं की किती, नि शेवटची रक्कम कधी. बाहेरगावच्या गिऱ्हाइकासाठी ‘प्रत्येक टप्प्याला फोटो नि व्हिडिओ आधी, पैसे नंतर’ ही ओळ घाला आणि मग ती पाळा. यूपीआयचा क्यूआर कोड मात्र वेबसाइटवर उघडा ठेवू नका. तुमचं नाव लावून दुसराच कोड फिरवणारे भामटे आहेत. खात्याचा तपशील इस्टिमेटसोबतच पाठवा आणि तसं वेबसाइटवर लिहूनही ठेवा.

एक पान नमुन्यादाखल: भेगा

कामाचं पान कसं लिहावं, हे भेगांवरून दाखवतो, कारण आपल्याकडचा हा कायमचा प्रश्न आहे.

पानाची सुरुवात गिऱ्हाईक विचारतो त्याच शब्दांत करा: ‘दर उन्हाळ्यात भिंतीला भेग पडते, लांबी भरली तरी परत येते.’ मग कारण साध्या भाषेत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. रानात पडतात तशाच भेगा घराखालच्या जमिनीतही पडतात. पाया उथळ असेल तर तो वरखाली होतो. हलकं, एकमजली घर आणि कंपाउंडची भिंत यांना त्रास जास्त. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही याची नेहमीची खूण.

पुढे, घरबसल्या काय बघायचं ते सांगा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढून ठेवा. पावसाळा संपल्यावर नि परत मे महिन्यात बघा. रेघेच्या पुढे गेली असेल तर नुसतं पुट्टी भरून भागणार नाही. मग तुम्ही काय करता: घराभोवती पाणी मुरू नये म्हणून उताराचा पक्का पट्टा, छताचं नि मोरीचं पाणी पायापासून लांब नेणं, भिंतीलगतची झाडं, गळका नळ बघणं, आणि पायाचंच दुखणं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घेऊन पुढचं काम.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिवकडचा माणूस विसरलेला नाही. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं कशी बसली हे घरोघर माहीत आहे. त्यामुळे ‘वरती अजून एक मजला चढेल का’, ‘ही भिंत काढली तर चालेल का’ हे प्रश्न येणारच. त्याचं उत्तर वेबसाइटवरून देऊ नका आणि फोटो बघूनही देऊ नका. खांब, तुळई, वजनाची भिंत याला हात लावायचा तर इंजिनिअरच्या सहीशिवाय काम सुरू करत नाही, असं ठळक लिहा. एखादं गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या.

अशा एका पानाला ४००-५०० शब्द पुरे. सोबत भेगेचा आधी-नंतरचा फोटो, आणि जमलं तर वर्षाने काढलेला तिसरा.

लोक शोधतात कसं

जाहिरातवाले एसइओ म्हणून यात बरंच गूढ घालतात. मुळात लोक जे शब्द टाकतात ते तुमच्या पानावर असले पाहिजेत, एवढंच. ‘नूतनीकरण’ कुणी शोधत नाही. ‘स्लॅब गळती’, ‘बाथरूम लिकेज’, ‘जुनं घर रिपेअर’, ‘टाइल्स मिस्त्री’ असं शोधतात, कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी इंग्रजी अक्षरांत मराठी. म्हणून मजकूर मराठीत ठेवून पानाच्या शीर्षकात नि पत्त्यात इंग्रजी शब्द येऊ द्या. संभाजीनगर-नांदेडकडे एखादं पान हिंदीत किंवा उर्दूतही असलं तर कामाचंच.

शहरांच्या नावांचं लक्षात ठेवा. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर नि धाराशिव ही नावं अधिकृत झाली, पण बरेच लोक अजून औरंगाबाद आणि उस्मानाबाद टाइप करतात. पानावर नवं नाव वापरा आणि एखाद्या वाक्यात जुनंही येऊ द्या, दोन्हीकडून सापडाल.

प्रत्येक तालुक्याच्या नावाने तेच ते पान गाव बदलून पन्नास वेळा टाकायचा सल्ला मिळाला तर मानू नका. गूगल त्याला स्पॅम धरतं. ज्या गावात काम केलंय त्या गावाच्या कामाचं खरं पान करा, नाव आपोआप येतं.

आणि फॉन्ट. डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणारं टायपिंग) हवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत, जोडाक्षरं नीट दिसतात. अक्षर मोठं ठेवा. निर्णय घेणाऱ्या काकांना चष्मा लागलेला असतो.

गूगलवरची नोंद

वेबसाइटइतकीच, सुरुवातीला तर काकणभर जास्तच, बिझनेस प्रोफाइलची नोंद महत्त्वाची. फुकट आहे. घरूनच धंदा करत असाल तर घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. पडताळणीसाठी बरेचदा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, अवजारं, गाडीवरचं नाव. तयारी ठेवा. नाव, नंबर वेबसाइटवर नि तिथे अगदी एकसारखे लिहा.

काम संपून शेवटचं पेमेंट झालं, घरमालक खूश आहे, त्याच दिवशी अभिप्रायाची लिंक पाठवा. ‘काकू, काम आवडलं असेल तर दोन ओळी लिहा, कुठलं काम होतं तेही लिहा’ एवढं म्हटलं तरी लोक लिहितात. त्याबदल्यात सूट द्यायची नाही, गूगलच्या नियमात ते बसत नाही. भाच्या-पुतण्यांकडून एका रात्रीत वीस अभिप्राय टाकून घेणं हे तर वाचणाऱ्यालाही कळतं. वाईट अभिप्राय आला तर दोन दिवस थांबून उत्तर द्या. काय झालं, काय केलं, एवढंच. भांडू नका, कारण ते उत्तर त्याच्यासाठी नसतं, पुढच्या गिऱ्हाइकासाठी असतं.

फोन, व्हॉट्सॲप आणि थोडं कागदपत्रांचं

नंबर दाबला की थेट फोन लागला पाहिजे. चित्रात लिहिलेला नंबर कामाचा नाही. व्हॉट्सॲपच्या क्लिक टू चॅट लिंकमध्ये नंबरआधी ९१ टाका, शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको. लिंकमध्ये आधीच मजकूर भरून ठेवता येतो: ‘नमस्कार, माझं गाव …, काम …, फोटो पाठवतोय.’ याने अर्धी विचारपूस वाचते.

फॉर्म ठेवलाच तर चारच रकाने: नाव, मोबाइल, गाव, काम. जन्मतारीख, ईमेल, ‘आमच्याबद्दल कसे कळले’ नको. ते फोनवर विचारा आणि वहीत लिहा. कोणतं गिऱ्हाईक वेबसाइट बघून आलं, हे त्या वहीतून कळतं. घेतलेला नंबर जाहिरातींसाठी दुसऱ्याला देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी गावात तोंड दाखवायचं असतं.

जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक द्या, दरांत कर धरलाय की नाही ते लिहा. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. महारेराचा शिक्का मात्र शोभेला लावू नका. ती नोंदणी घरं विकणाऱ्या प्रकल्पांची असते, दुरुस्तीच्या कामाला लागत नाही, आणि नसलेला शिक्का लावणं अंगाशी येतं.

पत्ता https ने सुरू व्हायला हवा, म्हणजे एसएसएल (वेबसाइटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणारं प्रमाणपत्र). लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे मागितले तर विचारा कशाचे. वेबसाइटचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर आपला पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा. गूगलच्या सर्च कन्सोलला वेबसाइट जोडून ठेवा, लोक कोणते शब्द टाकून आले ते तिथे दिसतं. त्यातलाच एखादा शब्द पुढच्या पानाचा विषय ठरतो.

चालू झाल्यावर

महिन्याला एक काम चढवा. वेळ मात्र आपल्या हंगामाप्रमाणे साधा. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवरच्या पांढऱ्या कोटिंगचं, मे महिन्यात स्लॅबच्या गळतीचं. कारण जूनमध्ये वाचून उपयोग नाही, ओल्या स्लॅबवर काम होत नाही. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात हातात येतो, लग्नसराई तोंडावर असते, तेव्हा फरशी, रंग नि किचन पुढे आणा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून लोक गच्चीवर सोलर पॅनेल बसवतात. पॅनेल बसवण्याआधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग उरकून घ्या, नंतर स्टँड काढणं महागात जातं, हे सांगणारं एक पान करा. त्या पानावरून काम नक्की निघतं.

आता मेसेज आला की काय करायचं? व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात, पण पहिलं उत्तर फोटो बघून स्वतः लिहा, त्याच दिवशी. साधारण असं:

‘नमस्कार दादा. फोटो मिळाले. ओल खालच्या खोलीच्या छताला आहे, म्हणजे स्लॅबची असेल किंवा वरच्या बाथरूमच्या पाइपची. आज रात्री वरच्या बाथरूमचा कॉक बंद करून ठेवायला सांगा आणि सकाळी त्याच जागेचा फोटो पाठवा. गुरुवारी मी परभणीतच आहे, अकराला येऊन बघतो. आई घरी असतील ना? येऊन बघण्याचे पैसे नाहीत. मापं घेतली की दोन दिवसांत इस्टिमेट लेखी पाठवतो, मजुरी वेगळी नि मटेरियल वेगळं.’